शाळेची पायरी न चढलेल्यांची दुसरी भाषा

हैदराबादच्या लाड बाजारात एकच दुकानदार घरी दखनी उर्दू, शेजाऱ्याशी तेलुगू आणि परगावच्या गिऱ्हाइकाशी हिंदी बोलताना दिसणं अगदी सहज आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत जुन्या हैदराबाद राज्याचा भाग होता, त्यामुळे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरंही आहेत. इथे बहुभाषिक असण्याचं कुणाला अप्रूप नाही. पण मेंदूच्या अभ्यासकांसाठी हेच शहर मोलाचं ठरलं.

दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत, तो एकच भाषा बोलत असतानाही, दुसरी पूर्ण झोपलेली नसते. योग्य शब्द निवडायचा आणि दुसऱ्या भाषेतला आवरायचा, हे काम अखंड चालू असतं. त्यासाठी लक्ष आणि निवड सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा वापरली जाते. या रोजच्या कामामुळे मेंदूची राखीव क्षमता वाढते, असा अंदाज आहे. म्हातारपणी आजाराने पेशी झिजू लागल्या, तरी माणूस त्या शिलकीवर काही वर्षं नीट निभावतो. आजार थांबत नाही, लक्षणं उशिरा दिसतात.

कॅनडातल्या टोरांटोत मानसशास्त्रज्ञ एलेन बियालिस्टॉक यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की द्विभाषिक रुग्णांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा सुरू झाली. शंका लगेच आली. तिथले बरेच द्विभाषिक स्थलांतरित होते. मग फरक भाषेचा की स्थलांतराचा? हैदराबादेत हा प्रश्न बराचसा गळून पडतो, कारण इथे दुसरी भाषा शेजारीपाजारीच भेटते. इथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: द्विभाषिकांत लक्षणं साडेचार वर्षं उशिरा दिसली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यातला निरक्षरांचा गट. त्यांच्यात हा फरक सुमारे सहा वर्षांचा होता. शिक्षणाचा फायदा भाषेच्या नावावर खपवला जातोय, हा आक्षेप त्यांना लागूच पडत नाही. त्यांना दुसरी भाषा शिकवली ती गल्लीने, बाजाराने, कामाच्या जागेने. दोनपेक्षा जास्त भाषांनी मात्र आणखी फायदा झाल्याचं दिसलं नाही.

सगळे संशोधक एकमताचे नाहीत. माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, आणि द्विभाषिकांचं लक्ष अधिक तल्लख असतं हा दावाही वादात आहे. तरीही ‘मुलाचं इंग्रजी सुधारायचं तर घरातली मराठी बंद करा’ हा सल्ला मला घातक वाटतो. इंग्रजी शाळेत आणि शहरात मिळतेच. घरची भाषा सुटली की मुलाच्या हाती आलेली दुसरी भाषाच जाते, आणि आजी-आजोबांशी मनातलं बोलायची वाटही.

याच शहरात पुढे पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषिकांत ४०.५ टक्के होते, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. म्हणजे दोन भाषांचा आधार मिळाला तो बोलण्यापेक्षा लक्ष आणि विचार सांभाळणाऱ्या क्षमतांना.