ग्रामीण कथा आणि बडोद्याचा मराठी वाचक

ग्रामीण कथा : शेती आणि तिच्या आधाराने चालणारा गावगाडा यांतील रोजचे जगणे हा जिचा गाभा असतो, ती मराठी लघुकथा. तिच्यातील घटना बहुधा लहान असते : बांधावरून झालेला तंटा, नाइलाजाने बाजारात नेलेला बैल, पेरणीनंतर दडी मारलेला पाऊस. मात्र त्या घटनेवर घराचे वर्षाचे पोट अवलंबून असल्याने तिला वेगळे नाट्य पुरवावे लागत नाही. केवळ हशा पिकवण्यासाठी इरसाल पाटील उभा करणारी कथाही याच नावाने ओळखली जाते. तो नावाचा सैल वापर होय.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ने (१९४९) या लेखनाला संयत वळण दिले. शंकर पाटील यांनी कोल्हापूरकडची, तर उद्धव शेळके यांनी वऱ्हाडी बोली कथेत आणली. आरंभी बोली प्रामुख्याने संवादांपुरती असे आणि निवेदन प्रमाण मराठीत चाले. आनंद यादव यांनी निवेदनासाठीही बोली वापरली, आणि गावाकडे बाहेरून पाहणारा निवेदक त्यामुळे मागे सरला.

बडोद्याचा या विषयाशी संबंध कथेहून जुना आहे. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातले. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) त्यांनी खुद्द फुल्यांकडून साद्यंत वाचवून घेतला, अशी नोंद ग्रंथाच्या आरंभीच आहे. ‘असूड’ ही कथा नव्हे. परंतु कर्ज, कज्जे आणि सरकारी खात्यांपुढील कुणब्याची अगतिकता हे पुढच्या कथेचे बरेचसे द्रव्य त्यात आहे.

बडोद्यातील मराठी वस्ती मात्र मुख्यतः दरबार, लष्कर आणि शिक्षण यांच्या निमित्ताने वाढली. त्यामुळे येथील वाचकाला कथेतील शेत पुस्तकातून भेटते आणि शहराबाहेरचे शेत गुजरातीतून. मोटेला तेथे ‘कोस’ म्हणतात. ‘वाडी’ म्हणजे लहान वस्ती नव्हे, तर मळा किंवा बाग, आणि खुद्द बडोद्यात ते एका जुन्या भागाचे नाव आहे. मध्य गुजरातेतील चरोतर या भागातल्या पाटीदार शेतकऱ्यांचे जगणे लिहिले तेही पेटलादजवळच्या पेटलीचे ईश्वर पेटलीकर (१९१६–१९८३) यांनी, अर्थात गुजरातीत.