टेबल शेवटी निवडा : घरून काम करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही टेबलं बनवतो. तरी घरात कामाची जागा मांडणाऱ्या प्रत्येकाला आमचं सांगणं असतं, की टेबल सगळ्यांत शेवटी निवडा. बहुतेक जण नेमके उलटे येतात. "चार बाय दोनचं टेबल हवंय," असा फोन येतो. खुर्ची कोणती, खिडकी कुठल्या हाताला, टेबलावर काय काय राहणार, असं विचारलं की पलीकडे क्षणभर शांतता. त्या शांततेसाठीच हे पत्रक छापलंय. ते वाचून तुम्हाला नवं टेबल लागणारच नाही असं लक्षात आलं, तर तेही चालेल.

आधी जागा

जिथे बसायचा विचार आहे तिथे खुर्ची ठेवा, समोर एखादं स्टूल किंवा खोकं ठेवा आणि त्यावर बंद लॅपटॉप उघडून ठेवा. बंद म्हणजे खरोखरच बंद, स्क्रीन काळी हवी. आता तुमच्या नेहमीच्या कामाच्या वेळी त्या काळ्या काचेत बघा. मागची खिडकी, डोक्यावरची ट्यूब, कपाटाचा आरसा, जे जे तिथे दिसेल ते तुम्हाला दिवसभर अक्षरांवर दिसणार आहे. एवढी साधी परीक्षा, पण टेबल भिंतीला लागल्यावर कुणी ती करत नाही.

खिडकी बाजूला असावी, म्हणजे स्क्रीन खिडकीशी काटकोनात येते. खिडकी पाठीशी आली तर काच चकाकते आणि व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा काळा दिसतो. समोर आली तर उजळ आकाश आणि स्क्रीन यांच्यात डोळ्यांची ओढाताण होते. हाताने बरंच लिहिणारे असाल आणि उजव्या हाताने लिहीत असाल, तर उजेड डावीकडून घ्या, हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट.

त्याच जागी मोबाइल घेऊन वायफायही बघून घ्या. बहुतेक राउटरच्या दोन पट्ट्या, म्हणजे लहरींचे दोन बँड, असतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींपलीकडे लांब जाते पण वेग कमी, ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतींपुढे लवकर दमते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ च्याच आसपास चालतो, त्यामुळे तो सुरू झाला की कॉल अडखळला तर दोष कंपनीला देण्याआधी जागा बदलून बघा. राउटर कपाटात किंवा टीव्हीमागे कोंबू नका, उंच आणि मोकळा ठेवा. आणि शक्य असेल तर सरळ लॅनची वायर ओढा. ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, घरात एवढं अंतर कुणाचंच नसतं.

मग खुर्ची, आणि कोपराचं माप

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण मान-पाठीच्या बऱ्याच तक्रारी इथेच सुरू होतात.

रोज ज्या खुर्चीत बसणार त्यात मागे टेकून बसा. पाऊल पूर्ण जमिनीवर, खांदे सैल, दंड अंगालगत, कोपर काटकोनात. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मावत नसतील तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, पाठीमागे उशी घ्या. आता घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेपने मोजायला सांगा. स्वतः मोजू नका, वाकलात की माप बदलतं.

हा आकडा म्हणजे तुमच्या कीबोर्डची उंची. बाजारातलं टेबल साधारण २९ ते ३० इंच उंच असतं. पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीचं कोपर मात्र २४-२५ इंचांच्या आसपास येतं. हा चार-पाच इंचांचा फरक खांदे उचलून भरून काढला जातो, दिवसाचे आठ तास. संध्याकाळी मान आखडते आणि आपण उशीला दोष देतो.

यावर तीन उपाय आहेत. खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट किंवा फूटरेस्ट घ्या, हा सगळ्यांत स्वस्त. दुसरा, कीबोर्डसाठी टेबलाखाली सरकती फळी. ती मांड्यांची जागा खाते, त्यामुळे आम्ही ती मोजून-मापूनच सुचवतो. तिसरा, टेबलाचे पायच तुमच्या मापाने कापून घेणे. टेबल दोघांत वाटून वापरायचं असेल तर उंच व्यक्तीच्या मापाने टेबल घ्या आणि बुटक्या व्यक्तीला पाट द्या. उलटं जमत नाही.

खुर्चीच्या हातांचीही उंची मोजा. ते टेबलाच्या कडेला अडत असतील तर खुर्ची आत सरकत नाही, आणि माणूस पुढे वाकून काम करतो.

लॅपटॉपचा घोळ

लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले. हात बरोबर ठेवले तर मान खाली, मान बरोबर ठेवली तर हात वर. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त काम असेल तर लॅपटॉप स्टँडवर चढवा आणि कीबोर्ड-माउस वेगळे घ्या. जाड पुस्तकांची चवडही स्टँडचं काम करते, फक्त लॅपटॉपची हवेची भोकं झाकू नका. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या भागातून बघायला हनुवटी वर उचलावी लागते.

स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघा. जागा बाजूच्या खिडकीची निवडली असेल तर हे आपोआप होतं.

वस्तूंची मोजदाद

टेबलावर पसारा होतो तो आळसाने नाही. वस्तूला घर नसतं म्हणून ती टेबलावर राहते. आमच्या एका ग्राहकांनी मोठं टेबल मागितलं, तेव्हा आम्ही त्यांना आधी जुनं टेबल पूर्ण रिकामं करून सगळं जमिनीवर मांडायला सांगितलं. निघालं काय? पाच पेनं, त्यातलं एक चालू. तीन चार्जर, त्यातला एक घरातून केव्हाच गेलेल्या मोबाइलचा. दोन हेडफोन, आठ-नऊ बिलं, एक पंच, नेलकटर, औषधांची पट्टी आणि वॉरंटी कार्डांचा गठ्ठा. टेबल तेच राहिलं, बाजूला एक उथळ खण तेवढा लावून दिला.

तुम्हीही असंच करा. जे दिवसातून अनेकदा लागतं ते कोपर न हलवता हात पोहोचेल तिथे. दिवसातून एकदा लागणारं हात लांब करून मिळेल तिथे. आठवड्यातून एकदा लागणारं उठून घ्यावं लागलं तरी हरकत नाही, उलट उठणं चांगलंच. खण उथळच असावा, दोन-अडीच इंचांचा. खोल खणात वस्तू एकावर एक पडतात आणि खालची वस्तू हरवल्यातच जमा. कागदांसाठी आलेले आणि करायचे असे दोन ट्रे पुरतात, बाकी थेट फायलीत.

स्वतंत्र खोली नसेल तर? मग झाकणाची एक पेटी ठेवा. काम संपलं की लॅपटॉप, कीबोर्ड, वही, चार्जर सगळं त्यात, आणि टेबल घराला परत. सकाळी मांडायला दोन मिनिटं लागतात. आमच्या मते खोलीवाल्यांनीही हे करून बघावं.

वायरी

आमच्या कारागिरांचा हा आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबेल. टेबलाखालून जमिनीवर एकच वायर उतरली पाहिजे. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न टाकता टेबलाच्या खालच्या अंगाला मागच्या कडेजवळ स्क्रूने बसवायचा आणि सगळे चार्जर त्यालाच लावायचे. जादा वायर सैल गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने बांधा. प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळली तर वायर दबते, आणि बदलायची झाली की कात्री शोधावी लागते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहा. एका टोकाला लिहून उपयोग नाही, ओढायची वेळ येते तेव्हा हातात नेमकं दुसरं टोक असतं.

भाराचा हिशेब साधा आहे. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटच्या आसपास, मॉनिटर ३०, राउटर १०, दिवा १०. सगळं मिळून सव्वाशेच्या आत. याच बोर्डावर हिटर किंवा इस्त्री लावली की एकदम हजार-दोन हजार वॉट, आणि बोर्ड तापतो. तेव्हा कामाच्या बोर्डावर कामाच्याच वस्तू लावा. एका एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका. यूपीएस असेल तर लेझर प्रिंटर त्याच्या बॅटरीवर चालवू नका, तो तापताना फार वीज ओढतो.

आता टेबल

नुसत्या लॅपटॉपला टेबलाची पुढून मागे २४ इंच खोली पुरते. वेगळा मॉनिटर असेल तर २८ ते ३० घ्या, स्टँडच बरीच जागा खातो. वरचा सनमायका मॅट घ्या, चकचकीत सनमायकावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं. पुढची कड गोलवून घ्या, धारदार कड मनगटाला रुतते. लांबी चार फुटांवर गेली तर मधे आधार हवा, नाहीतर १८ मिलिमीटरची फळीही वर्षा-दोन वर्षांत मधोमध झुकते. पार्टिकल बोर्डचं टेबल पुन्हा पुन्हा उघडून जोडायचं नसतं, स्क्रूची पकड जाते. घर बदलायची शक्यता असेल तर प्लायच घ्या.

एक कबुली. सुरुवातीला आम्ही बसणाऱ्याच्या पुढ्यात, मधोमध ड्रॉवर देत असू. दिसायला छान, पण चार इंचांचा ड्रॉवर आणि वर फळी, मग मांड्यांना जागा कुठली? एका उंच ग्राहकांनी महिनाभर तिरकं बसून काम केलं आणि मग संकोचत फोन केला. ड्रॉवर काढून बाजूला लावून दिला. तेव्हापासून आम्ही मांडीची जाडीही विचारतो. प्रश्न विचित्र वाटतो, राग मानू नका.

ऑर्डर देताना आम्हाला इतकं कळवा : जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची, जमिनीपासून मांडीच्या वरच्या बाजूपर्यंतची उंची, खुर्चीच्या हातांची उंची, भिंतीची मोकळी लांबी, सॉकेट कुठल्या बाजूला आहे, आणि रिकाम्या टेबलासमोर जमिनीवर मांडलेल्या वस्तूंचा एक फोटो. मापं घरात ज्या चपला घालून काम करता त्या घालून घ्या, अनवाणी बसत असाल तर अनवाणी. टेबल बसवल्यावर दोन महिन्यांनी पायांचे नट एकदा आवळून घ्या. पाना टेबलाखालीच टेपने चिकटवलेला असेल.