जकात गेली, अनुदान आले: गोव्यातील पालिकांच्या तिजोरीची पार्श्वभूमी

गोव्यात 13 नगरपालिका आणि पणजीची एक महानगरपालिका. नगरपालिकांचा कायदा 1968 चा, पणजीचा स्वतंत्र कायदा 2002 चा. पोर्तुगीज काळातल्या कामरांचा, म्हणजे तेव्हाच्या पालिकांचा, कारभार हा वेगळा विषय आहे; पालिकांच्या आजच्या पैशाच्या तंगीची मुळे त्यानंतरच्या निर्णयांत आहेत.

त्यातला सर्वांत दूरगामी निर्णय जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, रद्द करण्याचा. जकात नको म्हणणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती. वाहनांचा खोळंबा, वसुलीतले गैरप्रकार आणि व्यापाऱ्यांची नाराजी हे देशभराचे दुखणे होते. पण शहरातला व्यापार वाढला की जकात आपोआप वाढते आणि ती थेट पालिकेच्या हाती पडते, हा तिचा गुण कोणी हिशेबात धरला नाही. तिच्या जागी ‘जकातीच्या बदल्यातले अनुदान’ आले. हक्काच्या करउत्पन्नाचे रूपांतर अर्थसंकल्पातल्या एका शीर्षकात झाले. रक्कम किती, हप्ता कधी, आधीच्या पैशाचे विनियोग प्रमाणपत्र (पैसा कसा खर्चला याचा दाखला) आले का, हे सगळे पर्वरीत, राज्य सचिवालयात, ठरू लागले. भरपाई द्यायचीच होती, तर ती राज्याच्या करउत्पन्नाच्या ठरावीक टक्केवारीशी कायद्याने बांधायला हवी होती.

पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यात येणाऱ्या मालावरचा प्रवेश करही त्यात विरघळला. राज्यांना जून 2022 पर्यंत दरसाल 14 टक्के वाढ धरून भरपाईची हमी मिळाली. तो हिशेब केंद्र आणि राज्य यांच्यातला होता. पालिकांचे खाते त्यात वेगळे नव्हतेच.

पैशाची वाटणी सरकारच्या मर्जीवर राहू नये म्हणूनच 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, म्हणजे राज्याच्या पैशातला स्थानिक संस्थांचा वाटा सुचवणारा आयोग, बंधनकारक केला. गोव्यात हा क्रम पाळला गेला नाही. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाने मात्र अट घातली: मार्च 2024 पर्यंत राज्य आयोग नेमून त्याच्या शिफारशींवर काय केले ते विधानसभेपुढे ठेवा, नाहीतर स्थानिक संस्थांचे केंद्रीय अनुदान थांबेल. म्हणजे चालढकल राज्याची आणि टांगती तलवार पालिकांवर.

मग पालिकांच्या हाती काय उरते? घरपट्टी, परवाना शुल्क, दुकानगाळ्यांचे भाडे आणि सोपो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या, मडकी, मयड्याची केळी घेऊन जमिनीवर बसलेल्या बायकांकडून पावती फाडून घेतला जातो तो हा सोपो. त्याच्या वसुलीचा लिलाव करून ती ठेकेदाराकडे देण्याची पद्धत रूढ आहे. 2020 च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा ही आवकही बसली. डिचोली, कुडचडे, सांगे या खाणपट्ट्यातल्या गावांनी त्याआधीच 2012 आणि 2018 च्या खाणबंदीचे दोन तडाखे सोसले होते. राज्याचा महसूलही त्याच वेळी आटला, त्यामुळे वरून आधार मागायचीही सोय राहिली नाही.

खर्चाची बाजू मात्र कधी आकसली नाही. सातवा वेतन आयोग राज्याने स्वीकारला की पालिका कामगारांचीही तीच मागणी येते, आणि ती रास्तच आहे: पहाटे कचरा उचलणाऱ्याला महागाई कमी लागत नाही. कचऱ्याचे तर विचारूच नका. मे 2019 मध्ये मडगावच्या सोनसडा कचरा डेपोवर वर्षानुवर्षे साचलेला ढीग पेटला आणि धुराने आसपासच्या वस्त्या हैराण झाल्या. रोजचा ओला कचरा जिरवणे आणि जुना ढीग उपसणे अशी दोन्ही कामे तेव्हापासून एकाच वेळी करावी लागली.

अर्थसंकल्पात शहरांना पैसा दिसतो, पण तो बहुतेक प्रकल्पांच्या नावाने. राज्याच्या यंत्रणेमार्फत मार्केट संकुल उभे राहते, उद्घाटन होते, पाटी लागते. त्यानंतर लिफ्टची दुरुस्ती, रखवालदार, विजेचे बिल आणि झाडलोट पालिकेच्या माथी येते. त्यासाठी वेगळे शीर्षक अर्थसंकल्पात सहसा सापडत नाही.