पेंढ्यात अडकलेला गॅस

म्हशीचं ताजं शेण बादलीभर पाण्यात कालवून चाळणीतून गाळून बघा. वर उरतात ते कडब्याचे तंतू: बारीक, कडा झिजलेले, चिमटीत धरले तर भिजल्या सुतळीसारखे मऊ. हाच कडबा गव्हाणीत होता तेव्हा हाताला कापत होता.

आता तोच कडबा थेट गोबरगॅसच्या टाकीत टाकला तर? काड्या तरंगतात, एकमेकींत गुंततात, त्यांचा जाड थर बसतो आणि गॅस खाली कोंडतो. महिन्यानंतरही काडी काडीच राहते. म्हणून टाकीत शेणच घालायची रीत पडली. पण शेण हा गॅसच्या दृष्टीने उरलासुरला माल आहे. पचण्याजोगं बरंचसं जनावराने आधीच काढून घेतलेलं असतं. किलोभर शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो.

ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटं, खराब पीठ असे पिष्टमय पदार्थ वापरून छोटी घरगुती संयंत्रं चालवून दाखवली. त्या कामाला 2006 साली शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनमधला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पिठातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजची साखळी, जिवाणू ती झटकन तोडतात. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की पेंढ्यातलं सेल्युलोजसुद्धा ग्लुकोजचीच साखळी आहे! ताटातला भात आणि बांधावरचा पेंढा, दोघांत साखर एकच. फरक आहे तो जोडणीचा आणि बंदोबस्ताचा.

कोकणातली कुडाची भिंत आठवा. कारवीच्या काठ्या, त्यांना आवळणारे बंध आणि वरून लिंपण. पेंढ्यात सेल्युलोज म्हणजे काठ्या, हेमिसेल्युलोज म्हणजे बंध आणि लिग्निन म्हणजे लिंपण. टाकीत हवा नसते आणि हवेशिवाय लिग्निन जवळपास कुजतच नाही. त्यामुळे जिवाणू बाहेर ताटकळतात. लिंपण आधी उकलून देणं, म्हणजेच पूर्वप्रक्रिया.

म्हैस ते कसं करते? तासन्‌तास रवंथ करून ती काडी चिरडते. मग कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जिवाणूंच्या जोडीला काही बुरशा असतात. हवेशिवाय जगणाऱ्या या बुरशा काडीत आपले धागे खुपसून ती आतून फोडतात.

आपल्याकडे दातांच्या जागी कडबाकुट्टी आहे. तुकडे लहान झाले की जिवाणूंना जास्त पृष्ठभाग मिळतो. मात्र पेंढ्याचं अगदी पीठ करायला गेलं, तर जादा गॅसपेक्षा विजेचाच खर्च वरचढ होऊ शकतो.

दुसरा उपाय पशुपालकांच्या ओळखीचा आहे. 100 किलो वाळल्या पेंढ्यावर 4 किलो युरिया विरघळवलेलं पाणी शिंपडून तो 21 दिवस घट्ट झाकून ठेवतात. उघडताना नाकात झिणझिण्या आणतो तो युरियापासून झालेला अमोनिया. लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांच्यातले काही बंध तो तोडतो. शिवाय पेंढ्यात कार्बन खूप आणि नत्र फार कमी असतं, ती उणीवही युरियाने भरते. पण प्रमाण सांभाळायलाच हवं, कारण अमोनिया जास्त झाला तर मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, बनवणारे सूक्ष्मजीवच दबतात. चुन्यानेही लिंपण सैल होतं. कॉस्टिक सोडा जास्त जोरकस आहे, पण त्यातलं सोडियम टाकीतून निघणाऱ्या पातळ राड्याबरोबर, म्हणजे स्लरीबरोबर, शेतात जातं. ज्या जमिनी आधीच खारवटल्या आहेत, तिथे तरी तो मी सुचवणार नाही.

मोठ्या प्रकल्पांत पेंढा 160 ते 220 अंश सेल्सियसच्या वाफेत दाबाखाली ठेवतात आणि दाब एकदम सोडतात. आत मुरलेल्या पाण्याची झटक्यात वाफ होते आणि लाही फुटावी तसे तंतू सुटतात. पण उष्णता अती झाली तर साखरेचाच काही भाग करपून जिवाणूंना मारक द्रव्यं तयार होतात.

दारातल्या टाकीसाठी एवढा थाट लागत नाही. कुट्टी केलेला पेंढा टाकीतून निघालेल्या स्लरीत काही दिवस भिजवून झाकून ठेवावा. जिवाणू तिथेच कामाला लागतात आणि भिजून जड झालेली काडी टाकीत सहजी तरंगत नाही. फार दिवस मात्र उघड्यावर ठेवू नये, नाहीतर गॅस व्हायचा कार्बन कुजून हवेत जातो. टाकीत घालण्याआधी एक काडी चिमटीत चुरडून बघावी. ती तडकली, तर अजून दोन दिवस थांबावं.