पार्श्वभूमी : ऑर्केस्ट्रात ट्रॅक शिरला कसा

गणेशोत्सवाची किंवा हळदीची सुपारी ठरवताना मंडळाचा पहिला प्रश्न आकड्याचा असतो. त्यानंतर लगेच विचारलं जातं, ‘लाइव्ह आहे ना, की ट्रॅकवर?’ उत्तर बहुतेक वेळा ‘लाइव्हच’ असं येतं आणि ते सहसा खोटंही नसतं. गायक खरोखर गातात, ऑक्टोपॅडवाला खरोखर काठ्या चालवतो. तरीही अर्ध्या गाण्यांतल्या व्हायोलिन, बासऱ्या आणि कोरस लॅपटॉपमधून येत असतात. कार्यक्रम झाल्यावर यावरून वाद होतात, पाकीट अडतं, वादक एकमेकांशी बोलेनासे होतात. हा वाद नवा नाही. तो समजून घ्यायचा तर आधी ‘ट्रॅक’ या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो, कारण भांडणारी दोन माणसं बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

ऑर्केस्ट्राच्या बोलीत ट्रॅक म्हणजे निदान पाच गोष्टी. पहिली ‘प्लस’, म्हणजे मूळ आवाजासकट वाजणारं गाणं, ज्यावर गायक फक्त ओठ हलवतो. दुसरी ‘मायनस’. यात आवाज तेवढा काढलेला असतो आणि वाजणारं बाकी सगळं ध्वनिमुद्रणातलं असतं. तिसरी कराओके. ही मायनसची जुळी बहीण मानली जाते, पण ते ध्वनिमुद्रण मूळ गाण्याचं नसतं, कुणीतरी नव्याने वाजवून तयार केलेलं असतं. चौथी सिक्वेन्स. इथे वादक रंगमंचावर असतात आणि त्यांच्या जोडीला आधी भरून ठेवलेले थर वाजतात. ड्रमरच्या कानात क्लिक असतो आणि सगळे त्या टिकटिकीला धरून चालतात. पाचवी लूप. चार-आठ मात्रांचा ठेका यंत्रात फिरत राहतो आणि वादक पायाने तो सुरू किंवा बंद करतो.

मंडळाचा कार्यकर्ता ‘ट्रॅक नको’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्लस असतो. कीबोर्डवाला ‘आम्ही ट्रॅक वापरत नाही’ म्हणतो तेव्हा त्याला मायनस अभिप्रेत असतो, कारण सिक्वेन्सला तो ट्रॅक मानतच नाही, ते त्याचं स्वतःचं काम आहे. रात्र-रात्र जागून त्यानेच ते गाणं भरलेलं असतं. ऑर्केस्ट्रातला जुना ढोलकवाला मात्र लूपलाही ट्रॅकच म्हणतो, कारण त्या लूपने त्याची नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाची कमाई, गेलेली असते. तिघेही प्रामाणिकच असतात.

कराओके या शब्दाचीच गंमत पाहा. जपानीत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. म्हणजे रिकामा ऑर्केस्ट्रा. १९७१ साली कोबे शहरात बारमध्ये साथ करणाऱ्या एका वादकाने आपली पहिली अकरा यंत्रं तयार करून भाड्याने दिली. त्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला बाहेरगावी गायचं होतं आणि वादकाला जाता येत नव्हतं, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली होती. यंत्राची कल्पना त्यातून आली. साथीदाराच्या जागी बसणारी वस्तू एका साथीदारानेच, त्या गायकाची लय ओळखून, त्याच्यासाठी घडवली होती. आज इंटरनेटवरून उतरवलेल्या मायनसमध्ये हा ओळखीचा धागा उरलेला नाही.

माझ्या मते या पाचांतली खरी सीमारेषा लूप आणि सिक्वेन्स यांच्यामधून जाते. वीज वापरली की नाही, यंत्र किती महागाचं, याला फारसा अर्थ नाही. लूपला शेवट नसतो. गायकाला अंतरा पुन्हा घ्यावासा वाटला तर घेता येतो, मुखड्यावर दोन आवर्तनं जास्त खेळता येतं, पाय दाबला की ठेका थांबतो. सिक्वेन्समध्ये गाण्याचा नकाशा आधीच आखलेला असतो. कितव्या मात्रेला पीस (ओळींमधला फक्त वाद्यांचा तुकडा), कितव्या मात्रेला अंतरा, शेवट कुठे, सगळं ठरलेलं. पट्टीही ठरलेली. गायिकेचा गळा बसला म्हणून काळी चारचं गाणं काळी दोनला उतरवायचं तर वादक नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर उतरतात. सिक्वेन्सला ते आधी सांगून ठेवावं लागतं, आणि पूर्ण मुद्रित ट्रॅक तेवढा खाली ओढला की वाद्यांचा पोत बिघडतो.

मागचा इतिहास थोडक्यात. १८८० साली पुण्यात संगीत नाटकाचं युग सुरू झालं, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला वन्स मोअरची सवय लागली. एकेक पद तीन-तीनदा गायलं जाई, नाटक पहाटेपर्यंत चाले आणि ऑर्गन-तबलावाले नटाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून साथ करत. पुढे मुंबईत गोव्याकडच्या वादकांनी नोटेशन वाचून वाजवण्याची शिस्त आणली आणि सिनेमाच्या गाण्यांना मोठा वाद्यवृंद मिळाला. पन्नास-साठ माणसं एकाच वेळी एकाच खोलीत वाजवत. ऑर्केस्ट्रा या दोन्ही घरांचं अपत्य आहे. गाणं सिनेमाचं, पण श्रोत्याशी वागणं नाटकाचं.

परदेशात वेगळी सुरुवात झाली. १९७१ पासून इंग्लंडमधला एक गाजलेला रॉक बँड सिंथेसायझरचा भाग टेपवरून वाजवू लागला आणि त्यांचा ड्रमर कानाला हेडफोन लावून त्या टेपच्या मागे जाऊ लागला. तो ड्रमर बेभान वाजवण्यासाठी प्रसिद्ध होता. १९७३ च्या दौऱ्यात टेप आणि बँडची फारकत झाली, तेव्हा गिटारवादकाने भर कार्यक्रमात ध्वनियोजकावर राग काढला. १९८२ साली ब्रिटनमधल्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालावी असा ठराव केला. एका अमेरिकन गायकाने दौऱ्यावर वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर आणले होते, हे त्याचं निमित्त. संघटनेने तो ठराव देशभर लागू केला नाही आणि आज तो जुनाट विचारांचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. त्या वादकांनी उपाय चुकीचा सुचवला, पण रोग बरोबर ओळखला होता. यंत्र बंद करा असं म्हणण्याऐवजी ‘किती माणसं वाजवणार ते ठरवा’ असं म्हणाले असते तर वेगळा परिणाम झाला असता. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर प्रत्येक मोठ्या नाट्यगृहात किती वादक हवेतच, हे करारात लिहिलेलं असतं. मार्च २००३ मध्ये त्यावरूनच वादकांनी चार दिवस काम बंद ठेवलं. शेवटी आकडा २४ ते २६ वरून १८-१९ वर आला. कमी झाला, पण आकडा राहिला. आपल्याकडे सुपारी तोंडी ठरते.

१९८३ साली मिडी आलं. एका वाद्याने दुसऱ्याला ‘हा सूर, या क्षणी, इतक्या जोराने’ एवढंच सांगण्याची ही भाषा. त्यातून आवाज जात नाही, हुकूम जातो. १९८५ मध्ये रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड बाजारात आला. आठ चौकोन, त्यावर काठीने मारायचं. पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता, तो दुसऱ्या यंत्राला हुकूम देई. आपल्या ऑर्केस्ट्रात तो आला तेव्हा तालवाद्यवाल्यांत मोठी कुरकुर झाली. डफ, घटम, टिंपनी, कोंगो, सगळं एका माणसाच्या दोन काठ्यांत आलं होतं. पण एक गोष्ट तेव्हा कुणी फारशी बोलून दाखवली नाही. ऑक्टोपॅडने माणसं कमी केली, उत्स्फूर्तता नाही. काठी हातातच होती. गायक रेंगाळला तर काठीही रेंगाळे.

उत्स्फूर्तता गेली ती कीबोर्डच्या बाजूने. १९८८ च्या कॉर्ग एम-वन या कीबोर्डमध्ये वाजवलेलं साठवणारा आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर होता. पुढच्या काही वर्षांत अशी यंत्रं आपल्या ऑर्केस्ट्रांपर्यंत पोहोचली आणि ‘गाणं भरणं’ हा नवा धंदा सुरू झाला. फ्लॉपीत भरलेलं गाणं एका ऑर्केस्ट्रातून दुसऱ्यात विकलं जाऊ लागलं. ज्यांना सिक्वेन्सर परवडत नव्हता ते सीडीच्या डाव्या बाजूला क्लिक आणि उजव्या बाजूला संगीत भरत. डावी बाजू ड्रमरच्या कानात, उजवी स्पीकरमध्ये.

याला कारणं होती आणि ती नाकारून चालणार नाही. अठरा माणसांना बस लागते, सात माणसं एका सुमोत बसतात. गावातला रंगमंच लहान. पण मोठं कारण गाण्यातच होतं. नव्वदच्या दशकातली सिनेगीतंच कीबोर्डवर प्रोग्रॅमिंग करून बनू लागली. कॅसेटवर जे ऐकलं ते ‘जसंच्या तसं’ व्हावं ही श्रोत्याची मागणी होती, आणि यंत्रातून जन्मलेलं गाणं तीन व्हायोलिनवाल्यांकडून जसंच्या तसं होणं शक्य नव्हतं. जुनी गाणी माणसं वाजवत आणि नवी गाणी यंत्र, अशी कार्यक्रमाची सरळ वाटणी झाली.

त्या काळात मी तुंबा (हाताने वाजवायचा उभा ढोल) आणि साइड ऱ्हिदम, म्हणजे जोडीची छोटी तालवाद्यं, वाजवत होतो. एका जत्रेतल्या कार्यक्रमात गायिकेला दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी ठसका लागला. एरवी अशा वेळी ढोलकवाला तिच्याकडे बघत केरवा एक आवर्तन जास्त फिरवतो, कीबोर्डवाला तोच सूर धरून ठेवतो, ती पाणी पिते आणि समेवर येते. श्रोत्यांना वाटतं, गाण्यात ते असंच आहे. त्या रात्री गाणं भरलेलं होतं. आमच्या संगीत संयोजकाने सवयीने हात वर केला, आम्ही पाचही जण थांबलो, आणि स्ट्रिंग्जचा पीस वेळेवर आला. नंतर कोरस आला. रंगमंचावर कोरस गाणारं कुणीच नव्हतं. कीबोर्डवाल्याने आवाज हळूहळू खाली आणला, मग यंत्र बंद केलं, आणि उरलेलं गाणं आम्ही ढोलक, तुंबा आणि एका कीबोर्डवर संपवलं. पुढच्या तालमीला बदल झाला तो गायिकेत. तिला मात्रा मोजलेला कागद देण्यात आला. आधी साथ गाण्याची वाट बघत होती, आता गाण्याने साथीची वेळ पाळायची होती.

दुसरा धक्का कायद्याकडून आला आणि त्याचा या विषयाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. नंतर वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंमलबजावणी कडक झाली. तोवर गावोगावचे ऑर्केस्ट्रे रात्री एक-दोनपर्यंत चालत. आता सात ते दहा, त्यात सत्कार आणि भाषणं. आयोजकाला प्रत्येक गाण्याची लांबी आधी हवी झाली, आणि ट्रॅकची लांबी सेकंदात सांगता येते. वन्स मोअरला कुणी बंदी घातली नाही, पण त्यासाठी वेळ उरला नाही. नियम गरजेचाच होता. ऑर्केस्ट्रावर मात्र त्याचा हा परिणाम झाला.

ठाणे-रायगडाकडच्या बेंजो पार्ट्या, म्हणजे हळदी-मिरवणुकीत नाचासाठी वाजवणारे ताफे, बराच काळ या बदलापासून दूर राहिल्या. तिथे नाचणाऱ्यांचे पाय बघून गाणं बदलतं. म्होरक्याने हात फिरवला की चालत्या गाण्यातून दुसऱ्यात उडी. हा प्रकार भरून ठेवता येत नाही. लावणीत तर नुकसान अधिक सूक्ष्म आहे. संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या बैठकीच्या फडात, ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे बघतो, ती त्याच्या थापेला पायाने जबाब देते आणि कधी दोघं मिळून बैठकीतल्या एखाद्या रसिकाच्या दादेवर ठेका वाढवतात. ट्रॅकवरच्या लावणीत घुंगरू तेवढेच, पण सवाल ठरलेले आणि जबाबही ठरलेले.

२०१० नंतर लॅपटॉप, कानातले मॉनिटर आणि फ्रेज लूपची (वाजवलेला तुकडा तिथेच भरून फिरवत ठेवण्याची) सोय असलेले ऑक्टोपॅड आले आणि चित्र पुन्हा बदललं. चांगले प्रोग्रॅमर आता गाण्याचे तुकडे करून ठेवतात. मुखड्याचा तुकडा फिरत राहतो आणि गायकाने मान हलवली की वादक पॅड दाबून अंतऱ्यात जातो. म्हणजे सिक्वेन्सला पुन्हा लूपची मोकळीक देण्याचा प्रयत्न. याला तयारी आणि तालीम दोन्ही लागतात, म्हणून तो मोठ्या कार्यक्रमांतच दिसतो. दुसरीकडे २०१९ मध्ये कोणत्याही गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी प्रणाली सर्वांसाठी खुली झाली. तोवर मायनस विकत घ्यावा लागे, आता तो घरी बसून निघतो. २०२० च्या टाळेबंदीत कार्यक्रम थांबले, वादकांनी वाद्यं विकली आणि त्यानंतर शहरोशहरी कराओके क्लब वाढले. तिथे हौशी माणसं मनापासून गातात आणि त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिथे ट्रॅक आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

ऑर्केस्ट्राच्या सुपारीत सध्या बऱ्याच ठिकाणी दोन आकडे सांगितले जातात, एक ‘वाद्यवृंदासह’ आणि एक ‘ट्रॅकवर’. पाच वादक आणि बाकी सिक्वेन्स हा प्रकार सोयीप्रमाणे कधी पहिल्यात धरला जातो, कधी दुसऱ्यात. काही आयोजक अलीकडे जाहिरातीत गायकांच्या नावांखाली वादकांची नावं आणि त्यांची वाद्यंही छापू लागले आहेत. सिक्वेन्स कुणी भरला, त्याचं नाव मात्र मी अजून कुठल्याच जाहिरातीत वाचलेलं नाही.