गणिती कोप्रोसेसर

मुख्य प्रोसेसरच्या जोडीला बसून फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशचिन्ह सरकते असलेल्या संख्यांची आकडेमोड करणारी स्वतंत्र चिप. वैयक्तिक संगणकात कोणता भाग मूळ किमतीत द्यायचा आणि कोणता ग्राहकाच्या गरजेवर सोडायचा, हे बहुधा खर्च आणि बाजार ठरवतात. कोप्रोसेसरच्या इतिहासात हे विशेष स्पष्ट दिसते.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या पीसीची किमान किंमत १,५६५ डॉलर होती. तेवढ्यात १६ किलोबाइट मेमरी, कीबोर्ड, रॉममध्ये (कायमस्वरूपी मेमरीत) भरलेली बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा आणि कॅसेट रेकॉर्डर जोडण्याची सोय मिळे. मॉनिटर, डिस्प्ले कार्ड, फ्लॉपी ड्राइव्ह यांचे पैसे वेगळे. मदरबोर्डवर ८०८८ प्रोसेसरशेजारी ४० पिनांचे एक रिकामे सॉकेट होते, ते इंटेलच्या ८०८७ या गणिती कोप्रोसेसरसाठी. चिप बसवल्यावर बोर्डवरील एक बारीक स्विच फिरवून तशी नोंद करावी लागे.

८०८७ मध्ये ट्रान्झिस्टर किती, याचे आकडे मोजणीच्या रीतीनुसार सुमारे ४०,००० ते ४५,००० असे दिले जातात. ८०८८ मध्ये ते सुमारे २९,००० होते. सोबत्याचाच आकार मोठा असल्याने दोन्ही एका चिपवर आणणे त्या वेळी परवडणारे नव्हते. ८०८७ मुख्य प्रोसेसरकडे येणाऱ्या सूचनांवर सतत लक्ष ठेवी आणि आपल्यासाठीच्या सूचना उचलून घेई. चिप नसेल तर तेच काम सॉफ्टवेअरला करावे लागे, कित्येक पटींनी सावकाश. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना दोन्ही वाटा सांभाळाव्या लागत. ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्रामच्या पुढील आवृत्त्यांनी मात्र कोप्रोसेसर सक्तीचाच केला.

८०८७ च्या संख्यापद्धतीमागे गणितज्ञ विल्यम काहान यांचा सल्ला होता. तिच्यावर आधारलेला प्रस्ताव पुढे फ्लोटिंग पॉइंट आकडेमोडीसाठीच्या १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाचा पाया ठरला. म्हणजे भाग ऐच्छिक राहिला, पण त्याचे अंकगणित जगभर प्रमाण झाले. आकडे तात्पुरते ठेवण्याच्या ८० बिटांच्या आठ जागांची (रजिस्टरांची) स्टॅकरचना, म्हणजे एकावर एक रचलेली चवड, मात्र वादग्रस्त ठरली. स्टॅक भरल्यावर जादा आकडे मेमरीत आपोआप हलवण्याचा मूळ बेत व्यवहारात नीट उतरला नाही.

१९८९ च्या ८०४८६ या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हा फ्लोटिंग पॉइंटचा विभाग मुख्य चिपवरच आला. १९९१ मध्ये ४८६एसएक्स या नावाने त्याची स्वस्त आवृत्ती निघाली, तिच्यात तो निकामी ठेवलेला होता. सदोष चिपा खपवण्यासाठी हे केले, असे अनेकदा सांगितले जाते. सुरुवातीच्या काही चिपांबाबत ते खरे असू शकेल. पण पुढील एसएक्स चिपांत हा विभाग मुळातच वगळलेला होता. तेव्हा किमतीची निराळी पायरी निर्माण करणे हाच मुख्य हेतू असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जोड म्हणून विकली गेलेली ४८७एसएक्स ही चिप तर जवळजवळ संपूर्ण ४८६डीएक्सच, म्हणजे हा विभाग चालू असलेली मूळ ४८६ चिपच होती. ती बसवली की मूळ प्रोसेसर बंद पडे.

पेंटियमपासून हा विभाग प्रत्येक चिपमध्ये आला, आणि त्याबरोबर त्याच्या दोषांची व्याप्तीही वाढली. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातील चूक उघड झाली, तेव्हा चिपा बदलून देण्यासाठी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.