ब्रिटिश इंग्रजीतले बदलते उच्चार

ब्रिटनमध्ये घरीदारी आणि रेडिओ-टीव्हीवर ऐकू येणारं इंग्रजी गेल्या शंभर वर्षांत बरंच बदललंय. १९५० च्या आसपासचं बीबीसीचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावून बघा, त्यात 'मॅन' जवळपास 'मेन' आणि 'हॅट' जवळपास 'हेट' असं ऐकू येतं, आणि आजचा न्यूजरीडर तोच स्वर तोंड जास्त उघडून आपल्या 'आ'कडे झुकवून काढतो.

बीबीसी सुरू झाली १९२२ ला, आणि अनाउन्सरने कसं बोलावं हा प्रश्न लगेचच उभा राहिला. १९२६ मध्ये त्यासाठी एक सल्लागार समिती नेमली, अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, नंतर बर्नार्ड शॉ, आणि ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्सही त्यात होते. दक्षिण इंग्लंडमधल्या महागड्या शाळांतून शिकलेल्यांची जी बोली होती तिला जोन्स यांनी रिसीव्हड प्रनन्सिएशन, थोडक्यात आरपी म्हटलं आणि लोक तिलाच 'बीबीसी इंग्लिश' म्हणायला लागले. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ला यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सना बातम्या वाचायला बसवलं, त्यांनी शेवटी उत्तरेकडच्या लोकांसाठी 'गुड नाइट'च्या जागी 'गुड नीट' म्हटलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. आज स्कॉटिश, वेल्श, उत्तरेकडचे सगळेच आवाज बातम्यांत असतात.

आता प्रत्यक्ष काय बदललं ते बघू. 'ट्यूझडे'चा 'चूझडे' झाला, आणि हा च 'चहा'तला, 'चमचा'तला नाही. तसंच 'ड्यून' म्हणजे वाळूची टेकडी आणि महिन्यातला जून यांचा उच्चार बऱ्याच जणांच्या तोंडी एकच झालाय (इथेही ज महिन्यातला, 'भाजी जून झाली' मधला नाही). 'पुअर' पूर्वी 'पुअ' होता, आता 'पॉ'. 'मिल्क'मधला ल विरघळून 'मिऊक'सारखं काहीतरी होतं, 'वॉटर'मधला ट घशात क्षणभर अडवून सोडून देतात. लंडन आणि थेम्सच्या मुखाकडच्या या मिश्र बोलीला भाषा-अभ्यासक डेव्हिड रोझवॉर्न यांनी १९८४ मध्ये 'एस्च्युअरी इंग्लिश' नाव दिलं (एस्च्युअरी म्हणजे नदीमुखाची खाडी). 'सिटी'चा शेवटचा स्वर जुन्या आरपीत ऱ्हस्व होता, आता लांब झालाय. मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घ ई लिहायचीच पद्धत असल्यामुळे आपण आधीपासून 'सिटी'च लिहीत आलोय, म्हणजे इथे इंग्रजच आपल्याजवळ आले!

याला आळशी उच्चार म्हणणारे खूप आहेत आणि ते मला अजिबात पटत नाही. शब्दाच्या शेवटचा र गाळून 'कार'ला 'का' म्हणणं ही दक्षिण इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात पसरलेली सवय आहे, तेव्हा तिच्यावरही टीका व्हायची आणि पुढे तीच आरपीची खूण ठरली. आपण मात्र स्पेलिंगवरून शिकलो म्हणून 'डॉक्टर'चा र ठणठणीत म्हणतो. उलटा प्रवासही होतो, 'ऑफन'मधला गाळलेला ट बरेच जण स्पेलिंग बघून परत म्हणायला लागलेत. आणि 'शेड्यूल' सोडून 'स्केज्यूल' म्हणणं अमेरिकेकडून आलं.

हे बदल राजवाड्यातही शिरले. ध्वनिशास्त्रज्ञ जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथ यांची नाताळची १९५० च्या आणि १९८० च्या दशकातली भाषणं तपासली आणि २०००  मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापलं की राणीचे स्वर सर्वसाधारण दक्षिणी इंग्रजीकडे सरकलेत, पूर्ण पोचले नाहीत पण सरकले नक्की. एकच व्यक्ती, एकच प्रसंग, दरवर्षीचं रेकॉर्डिंग, असा पुरावा भाषेच्या अभ्यासात क्वचितच मिळतो.

सध्या वाद आहे तो एच या अक्षराच्या नावावरून. जुन्या पिढीला 'एच'च बरोबर वाटतं आणि तरुण मुलं सर्रास 'हेच' म्हणतात.